सातव्या पानावरचा भागाकार

माझा अकरा पानांचा एक शोधनिबंध आहे. त्याच्या सातव्या पानावर मी शून्याने भागलं आहे. शून्याने भागू नये हे सातवीतल्या पोरांनाही माहीत असतं, पण मला ते सतरा वर्षं दिसलं नाही. ज्यांनी निबंध तपासून छापला त्यांनाही दिसलं नाही. ती चूक सापडली माझ्या विद्यार्थिनीला, आणि ती आपल्याला सापडली आहे हे मी तिला कळू दिलं नाही. मी अजून कॉलेजात आहे. ती नाही.

गोंदियाच्या एका कॉलेजात मी गणित शिकवते. कुडव्याला राहते, स्कूटीवर जाते-येते. तुमचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी आधी त्या माणसाचा चेहरा बघते. चेहऱ्यावर नुसती सभ्यता असेल तर 'बीजगणित' म्हणून मोकळी होते. ज्याला खरंच ऐकायचं असेल त्याला सांगते, की दोन चलं घ्या, क्ष आणि य. त्यांची अदलाबदल करा. क्ष अधिक य तेच राहतं, क्ष गुणिले य तेच राहतं, क्ष वजा य मात्र उलटतं. अशा अदलाबदलींचा जो पूर्ण संच असतो त्याला आम्ही ग्रुप म्हणतो. हा ग्रुप बहुपदींना फिरवत राहतो आणि आम्ही बघत बसतो, कोणत्या बहुपदी फिरवूनही तशाच राहतात. तशा बहुपदी असंख्य असतात, पण मोजक्याच मूळ बहुपदींची बेरीज-गुणाकार करून त्या सगळ्या बनवता येतात. त्या मूळ बहुपदी शोधायच्या, आणि त्यांची कोटी, म्हणजे पदातल्या घातांकांची बेरीज, जास्तीत जास्त कुठवर जाईल ते सांगायचं. एवढाच माझा धंदा. बाजारात प्रबंधांची बाइंडिंग करणारा एक जण आहे, त्याने एकदा विचारलं होतं, "इससे होता क्या है, मैडम?" मी म्हटलं, "कुछ नहीं. जो नहीं बदलता, वो ढूंढते हैं." तो गोंद लावता लावता म्हणाला, "फिर तो मिलने से रहा."

या कामात एक जुनी युक्ती आहे, सरासरीची. एखादी बदलणारी बहुपदी घ्यायची, ग्रुपने तिची जेवढी रूपं केली त्या सगळ्यांची बेरीज करायची आणि रूपं जेवढी तेवढ्याने भागायचं. निघालेली सरासरी बदलत नाही. पण मी जिथे काम करते तिथे आकडे तीनच असतात, शून्य, एक आणि दोन. दोनात एक मिळवला की परत शून्य. तिथे तीन म्हणजे शून्य, सहा म्हणजे शून्य आणि अठरा म्हणजेही शून्य. त्यामुळे सरासरी काढण्याआधी एकच गोष्ट बघायची असते, ती ही की भागायचा आकडा तीनच्या पाढ्यात येत नाही ना. या विषयातल्या माणसाने हे न बघणं म्हणजे डब्यात मीठ आहे की साखर हे न बघता चहात चमचा रिकामा करणं.

माझ्या निबंधातला लेमा, म्हणजे पुढच्या कामाला पाया म्हणून वापरायचं छोटं प्रमेय, म्हणत होता की विशिष्ट प्रकारच्या ग्रुपसाठी मूळ बहुपदींची कोटी नऊच्या वर जात नाही. मी त्या ग्रुपचे पाच प्रकार पाडले होते. चार नीट तपासले. पाचव्याच्या वेळी थकले असेन किंवा माजले असेन, 'उरलेल्या प्रकारातही याचप्रमाणे' असं एक वाक्य लिहिलं आणि पुढे गेले. त्या उरलेल्या प्रकारात भागायचा आकडा सहा होता. लेमा छापून आला, त्यावर मला बढती मिळाली, परगावच्या दोन-तीन लोकांनी त्याचा उल्लेख केला. आपला तो बाब्या, त्यामुळे मी तो पुन्हा कधी उघडून वाचला नाही.

ती माझ्याकडे संशोधनाला आली तेव्हा पंचविशीची होती. घर दरेकशाला, डोंगराच्या कुशीतलं. आईबाप जंगलात मजुरीला जाणारे, घरात गोंडी, शेजारात छत्तीसगढी, माझ्याशी झाडीबोली आणि वहीत इंग्रजी. पॅसेंजरने गोंदियाला यायची. मालगाड्यांना वाट द्यायला ती गाडी कुठेही उभी करून ठेवतात, आणि हिच्या वहीत त्या थांब्यांच्या वेळेची गणितं असायची. अक्षर बारीक, खाडाखोड नाही. मला हुशार विद्यार्थी फारसे सोसत नाहीत. ते अर्धं ऐकतात आणि बाकीचं स्वतःचं घुसडतात. ही पूर्ण ऐकायची आणि मग एकच प्रश्न विचारायची.

"मॅडम, सगळं बदलून राहिलं, मंग हे एकच काऊन नाही बदलत?"

या प्रश्नावर तिने पाच वर्षं काढली, आणि माझ्या नोकरीतली ती पाच वर्षं सगळ्यात चांगली गेली, हे मी आजही सांगते.

माझा तिच्यासाठी एक नियम होता. कुठल्याही प्रमेयावर विश्वास ठेवायचा नाही, तीन उदाहरणं हाताने सोडवायची, तिन्ही बरोबर आली तर मग पुढे जायचं. कॉम्प्युटरला विचारायचं नाही. मोठमोठ्या लोकांची प्रमेयं तिने अशी दळून काढली. फक्त माझ्या लेमाचं एकही उदाहरण सोडवलं नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं. आमच्याकडे गुरूचं तपासत नाहीत. घरातल्या मोठ्या माणसाने वाढलेलं ताट कुणी हुंगून बघत नाही, तसं ते आहे. मी तिला टोकायला हवं होतं. टोकलं नाही, कारण मला ते आवडलं होतं.

तिचा पूर्ण प्रबंध त्या लेमावर उभा होता. पाच वर्षं झाली, एक मुदतवाढ घेऊन झाली, आणि जुलैअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. आमच्याच विभागात एक जागा निघणार होती आणि डॉक्टरेट असली तरच तिला अर्ज करता येणार होता. प्रबंध टाइप होऊन तयार होता. एप्रिलमध्ये मी म्हटलं, तोंडी परीक्षेत बाहेरचे लोक एखादं उदाहरण विचारतातच, तेव्हा लेमाचं एक मोठं उदाहरण करून ठेव. म्हणजे तेही मीच सांगितलं.

मे महिन्यात एका दुपारी ती कुडव्याला घरी आली. तेंदूपत्त्याचे दिवस होते. पहाटेपासून आईबरोबर पानं तोडून, मग गाडीने आलेली. बोटं काळी पडली होती. कूलरसमोर बसली, पाणी प्यायली आणि वही पुढे केली.

"माझंच कुठं तरी चुकून राहिलं, मॅडम. पंधरा दिवस झाले, भेटूनच नाही राहिलं."

तिने अठरा घटकांचा, म्हणजे अठरा अदलाबदलींचा, एक ग्रुप घेतला होता. त्यात तिला कोटी दहाची एक न बदलणारी बहुपदी सापडली होती, आणि ती खालच्या कोणत्याही बहुपदींपासून बनत नव्हती. माझा लेमा नऊच्या वर काही नाही म्हणत होता. तिने एकच पद बाजूला काढून, त्याच्यापुढचा गुणक धरून दाखवलं होतं की हे पद लहान बहुपदींच्या गुणाकारातून येऊच शकत नाही. दीड पानाचा युक्तिवाद, इतका स्वच्छ की माझ्या हातून तसा कधी झाला नाही. मी आत जाऊन निबंध काढला, सातवं पान उघडलं, 'याचप्रमाणे' वर बोट ठेवलं आणि तिच्या ग्रुपसाठी भागायचा आकडा मोजला. अठरा घटकांचा ग्रुप, त्यातले तीन घटक बहुपदीला हलवतच नव्हते, म्हणून रूपं अठरा भागिले तीन, सहा. आणि आमच्याकडे सहा म्हणजे शून्य. दहा मिनिटंही लागली नाहीत.

मी बाहेर आले आणि म्हणाले, "तुझी बेरीज चुकली आहे. चिन्हं बघ. घाई करतेस तू. घरी जा आणि पुन्हा कर."

"हो, मॅडम," ती म्हणाली आणि वही पिशवीत ठेवली.

असं का बोलले, याची कारणं मी पुष्कळ वेळा मांडून पाहिली आहेत. बढती त्या निबंधावर होती. विभागात माझ्या चुकीची वाट बघणारे दोघं होते. पण खरं कारण याहून हलकं आहे. मला लाज वाटली, आणि दोन आठवडे मिळाले तर लेमा कुठून तरी सांधून घेऊ असं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांधला की तिला हसत सांगणार होते, अगं, तिथे एक छोटी फट होती, बुजवली बघ. तोवर ती बेरीज करत बसली तर बिघडलं काय.

लेमा सांधला गेला नाही. जायचाच नव्हता, कारण तो खोटा होता आणि तो खोटा असल्याचा पुरावा मी तिच्या पिशवीतून दरेकशाला परत पाठवला होता. मी पाचवा प्रकार चार वाटांनी करून पाहिला. प्रत्येक वाटेवर ती कोटी दहाची बहुपदी आडवी येत होती. तिच्या दीड पानात मी चूक शोधत होते, हेही सांगून टाकते. चूक सापडावी म्हणून देवाला हात जोडले नाहीत इतकंच.

ती दर आठवड्याला फोन करायची.

"मॅडम, परत तेच येऊन राहिलं."

"मग परत कर."

दुसऱ्यांदा केलं. तेच आलं. तिसऱ्यांदा नवी वही घेऊन सुरुवातीपासून केलं, वेगळ्या क्रमाने, म्हणजे जुनी चूक आपोआप उतरणार नाही. तेच आलं. त्या वेळी फोनवर तिने तिन्ही वेळचं उत्तर वाचून दाखवलं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मॅडम, माझं डोकं तं बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर ठेवून केलंस तर येईल."

हे वाक्य मी हसत म्हटलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आमच्या विभागात असं सगळेच बोलतात, पोरं मनावर घेत नाहीत. तिने घेतलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ती विभागात आली तेव्हा वाळली होती. मी तोवर एक तोडगा काढून ठेवला होता. उदाहरण बाजूला ठेवायचं, लेमा छापील आहे, त्याचा संदर्भ द्यायचा आणि प्रबंध देऊन टाकायचा. बाहेरच्या परीक्षकांना सतरा वर्षांत जे दिसलं नाही ते आत्ता काय दिसणार? पदवी हातात पडू दे, मग बघू. मला त्या दिवशी हे तिच्या भल्याचं वाटत होतं, आणि थोडं होतंही. मी सहीसाठी पेन उघडलं.

प्रबंधाच्या सुरुवातीला विद्यार्थ्याचं एक प्रतिज्ञापत्र असतं, की यातलं काम माझं आहे आणि मी ते पूर्ण तपासलं आहे. ते कुणी वाचत नाही. तिने वाचलं होतं.

"मॅडम, याच्याखाली मी सही कशी करू? मले तं हे समजलंच नाही."

"तुला सगळं समजतं. एका उदाहरणाने काही होत नाही."

"तीनदा केलं, मॅडम. तिन्ही वेळा चुकलं. ज्याले साधी बेरीज करता येत नाही त्यानं डॉक्टर कायले व्हावं?"

ती चिडलेली नव्हती. हिशेब लावून आल्यासारखी बोलत होती. आणि मला तेव्हाही बोलता आलं असतं. दहा दिवस हातात होते. खरं सांगून अर्ज केला असता तर विद्यापीठाने चार-सहा महिने दिले असते, आणि तिचं ते उदाहरण हाच तिचा प्रबंध झाला असता, माझ्या लेमावर उभ्या असलेल्या प्रबंधाहून कितीतरी मोठा. मला हे सगळं त्या क्षणी दिसत होतं. मी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "विचार करून सांग."

तिने काही सांगितलं नाही. मुदत गेली. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र माझ्याकडेही आलं, कारण मार्गदर्शक मी होते. विभागातली जागा दुसऱ्याला मिळाली. तो बरा मुलगा आहे, उदाहरणं सोडवत नाही.

पुढचं वर्षभर मी शिकवत राहिले. वर्गात सरासरीची युक्ती आली की फळ्याकडे तोंड करून शिकवायची. स्वतःचा इतका राग येत होता की घरात भांडी आपटायची, बाई काम सोडून गेली. शेवटी मी बसून पत्र लिहिलं. माझ्या अमुक निबंधातला लेमा चूक आहे, पाचव्या प्रकारात शून्याने भागलं आहे, आणि हे दाखवणारं उदाहरण माझ्या विद्यार्थिनीचं आहे. नियतकालिकाने ते छापायचं कबूल केलं. तिचं नाव छापायला तिची संमती हवी होती. फोनवर मागायची हिंमत झाली नाही, म्हणून एका रविवारी दरेकशाला गेले.

स्टेशनवरून चालत जाण्याइतक्या अंतरावर घर होतं. छपरीत तिची आई मोहफुलं निवडत बसली होती. मला पाहून उठली, खाट ओढली, पदराने पुसली.

"पोरगी ट्यूशनच्या वह्या पाहून राहिली आत. बसा, मॅडम." मग बसून, आवाज खाली आणून म्हणाली, "तिले झेपलं नाही जी. आमच्यातलं डोकं एवढंच. तुमी एवढी मेहनत घेतली तिच्यावर, वाया गेली. राग नका धरू."

ती माझी माफी मागत होती. मला त्या बाईच्या तोंडाकडे बघवलं नाही. मी मोहफुलांकडे बघत म्हणाले, "तसं नाही," आणि मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

मुलगी वह्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. गावातल्या मुलांची शिकवणी घेत होती, तिसरी-चौथीची. माझ्या पाया पडली. चहा झाला. मी पिशवीतून पत्र काढलं आणि तिच्यासमोर ठेवून सगळं सांगितलं. तुझं बरोबर होतं. पहिल्याच दिवशी बरोबर होतं. तिन्ही वेळा बरोबर होतं. चूक माझी होती.

तिने पत्र वाचलं. तिचं गणित होतं, तिला दोन ओळींत कळलं असणार. ती सहाच्या जागी थांबली, तेवढं मी पाहिलं.

"तुमाले कधी समजलं, मॅडम?"

"तू कुडव्याला आलीस त्याच दुपारी."

आईची बोटं मोहफुलांवर थांबली. तिला गणित कळलं नसेल, हे कळलं.

"मंग काऊन नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

मला वाटलं, आता ती ओरडेल, निदान रडेल. मी त्याची तयारी करून आले होते. ती म्हणाली, "नाव टाकायचं तं टाका," आणि पत्रावर खाली सही केली. मी घाईघाईने बोलत सुटले. पुन्हा नोंदणी होते, दुसऱ्या विद्यापीठात होते, मी बोलते, हे उदाहरण छापलं की कुणीही तुला घेईल, दीड पानाचा तो युक्तिवाद मला या जन्मात सुचला नसता. ती ऐकत होती, पूर्ण ऐकायची तशीच. प्रश्न मात्र विचारला नाही.

"पाहू," ती म्हणाली. परतीच्या गाडीला तास होता. तिने वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला, "एवढ्या तपासून घेते, मॅडम, पोरं न्यायले येतील," असं म्हणून वरची वही उघडली. मी शेजारीच होते, मला पान दिसत होतं. सत्तावीस भागिले तीन, उत्तर नऊ. अक्षर वाकडं होतं पण उत्तर बरोबर होतं. ती त्या नऊकडे बघत राहिली. मग तिने खाटेवरचा मोबाईल उचलला, त्यात सत्तावीस भागिले तीन करून पाहिलं, पुसून पुन्हा एकदा करून पाहिलं, आणि मगच लाल पेनाने बरोबरची खूण केली.